घाईचा अंगठा

तात्यांनी वॉकीटॉकी कानापासून दूर धरला, त्याच्या डोक्यावरचं आवाजाचं बटण खट्‌ होईपर्यंत उलटं फिरवलं आणि लगेच सुलटं फिरवून पुन्हा चालू केला. सकाळपासूनची ही दहावी वेळ. यंत्राला काही झालेलं नव्हतं. बॅटरी भरलेली होती, बारका दिवा जागा होता, आणि शेजारचं चॅनलचं बटण तीनवरच होतं. तो तीनचा आकडा तात्यांना दिसत नसे. म्हणून सुनेने आपल्या नखांच्या लाल रंगाचा एक थेंब तिथे टेकवून दिला होता. बटणावरची रेघ त्या ठिपक्याशी आली की समजायचं, खालचं टोक ऐकतंय.

"वर बोलतोय. खाली, ऐकू येतंय का?"

"येतंय, तात्या. दहाव्यांदा येतंय."

"तपासत होतो."

"मी काय पळून जातेय?"

ती बोलून गेली. तात्यांनी यंत्र खिशात ठेवलं, पुन्हा काढलं.

डोंगराच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याचा अर्धा भाग दरीत घसरला होता. उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जात. वरच्या टोकाला एका बाजूने लाल, एका बाजूने हिरवा फलक घेऊन तात्या उभे, खालच्या टोकाला त्यांची सून. मध्ये पाऊण किलोमीटरचं वळण. एकमेकांची टोपीसुद्धा दिसत नसे; आवाज तेवढा दिसे.

वॉकीटॉकीचं शास्त्र तात्यांनीच तिला शिकवलं होतं. बाजूचं बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. बोलून झालं की आणखी एक श्वास, मग बोट उचलायचं. आधी घाई केली तर पहिला शब्द जातो, नंतर घाई केली तर शेवटचा. आणि बोलणाऱ्याला ते कधी कळत नाही. तो आपला सगळं सांगितल्याच्या समाधानात असतो. तुटकं काय ते ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतं.

शिकवलं त्यांनी, आणि चुकले तेच. धुक्याच्या एका सकाळी तिने खालून विचारलं होतं, "तुमच्या गाड्या संपल्या?" तात्या म्हणाले, "संपल्या नाहीत." पण अंगठा 'संपल्या'वरच उठला. तिने आपल्या गाड्या सोडल्या. वळणावर खडीचा ट्रक आणि दुधाचा टँकर नाकाला नाक लावून उभे राहिले. टँकरवाल्याने मागचं चाक दरीच्या ओठावरून नेत गाडी कशीबशी मागे घेतली. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या दिवशी घरी दोघंही जेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने दोन गोष्टी ठरवून टाकल्या. शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे लाल काठी द्यायची. काठी पोचली की रस्ता मोकळा. आणि रेडिओवर 'नाही' म्हणायचं नाही. 'नको'सुद्धा नाही.

"आपल्या बोलण्यात नकार मेला सगळ्यात शेवटी येतो," ती म्हणाली होती, "आणि तुमचा अंगठा पडला घाईचा. संपल्या नसतील तर 'आहेत' म्हणा. यायचं नसेल तर 'थांब' म्हणा. जे काय सांगायचं ते होकारात बसवा."

तेव्हापासून सात महिने त्या दोन टोकांमधून एकही 'नाही' गेला नव्हता. घरी परतल्यावर मात्र ती सगळा साठा बाहेर काढी. साखर नाही, साबण नाही, आणि तुम्ही अजून डोळे दाखवायला गेला नाहीत.

एक ट्रकवाला खिडकीतून वाकला. "काय तात्या, आज पाय भाजतायत का? मघापासून येरझाऱ्या चालल्यात."

"तू पुढे बघ. काठी आहे का तुझ्याकडे? मग गप बस."

खालून गाड्या निघाल्या होत्या. एरवी ती असं सांगे की रांगेतले ड्रायव्हरही काचा खाली करून ऐकत:

"एक ट्रक खडीचा, दुसरा दुधाचा,
तिसरा रिकामा, हसऱ्या तोंडाचा,
काठी त्याच्या हाती, सोडलं हो तात्या."

आज यंत्रातून नुसतं आलं, "तीन गाड्या. सोडलं." आणि खरखर. तात्यांनी आवाज वाढवला. खरखरच वाढली.

पाच दिवसांपूर्वी साहेबबाई, म्हणजे कामावरच्या इंजिनिअर, खालच्या टोकाला जीप थांबवून तिच्याशी बोलल्या होत्या. शहरातल्या रस्तेखात्याच्या कचेरीत रेडिओवर बसायला माणूस हवं होतं. चारी दिशांच्या रस्त्यांची खबर तिथे येते, तिथून जाते. दिवसभर अमकं काय म्हणालात, तमकं काय म्हणालात, चालतं. या डोंगरावरून एकच आवाज असा येतो की परत विचारावं लागत नाही, असं त्या कचेरीतलेच म्हणाले होते. उद्या सकाळी हजर व्हायचं. आज तीनला जीप वरून खाली येणार, तिच्यात बसायचं. ती गेली तर खालचं टोक रोलरवाला सांभाळेल, हेही ठरलं होतं. नव्हतं ठरलं ते एवढंच, की ती जाणार का.

घरात दोघंच. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा येई आणि आठ दिवस जमिनीवरही डुलत चाले. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "तुमचं तुम्ही ठरवा." आणि त्या दोघांनी पाच दिवस डाळीबद्दल, दाराच्या कडीबद्दल, गच्चीवरच्या मांजराबद्दल बोलून काढले होते. आज सकाळी तिची बॅग दाराशी होती. तात्या तोंड धुऊन आले तर दाराआड. निघताना कुठे होती, ते त्यांनी पाहिलं नाही. पाहावं लागू नये म्हणून पुढे निघाले, तेही चपला उलट्या घालून.

"जा म्हणावं," ते दगडावर बसले. "शहाणी आहे. जा म्हणावं." मग उठले. दगड काही फार तापलेला नव्हता.

अडीचच्या सुमाराला रस्ता रिकामा झाला. यंत्र खाकरलं.

"खाली बोलतेय. तात्या, एक विचारू?"

"विचार."

तिकडे तिचं बोट बटणावर होतं, हे कळत होतं. तिच्या बाजूचा वारा यंत्रातून येत होता.

"मी गेले, तर तुमची अडचण होईल?"

समोरासमोर हा प्रश्न पाच दिवस ताटाभोवती फिरून परत गेला होता. यंत्राला चेहरा नव्हता, म्हणून तो बाहेर आला. तात्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. किती साधं होतं. गेले पाच दिवस त्यांनी तेच वाक्य तोंडात घोळवलं होतं, आंघोळीत, जिन्यात, अंथरुणात.

"माझी काही अडचण नाही," ते म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावरून उठलेला होता. कधी उठला?

"तात्या," खालून आवाज आला, सावकाश. "शेवट तुटला."

तात्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला.

"मला 'अडचण'पर्यंतच आलं. पुन्हा सांगा. आणि नियमात सांगा."

तात्यांनी बटण दाबलं, श्वास घेतला, आणि सोडून दिलं. नियमात काय सांगणार? 'नाही' वजा केलं तर त्या वाक्यात उरत होतं तेच तर खरं होतं. घरातला दुसरा कप उपडाच राहणार होता. औषधाच्या बाटलीवरचं कोण वाचणार होतं? आणि वर उभं राहून 'ऐकू येतंय का' असं विचारायचं, ते कुणाला? त्यांनी टोपी काढली, झटकली, घातली. फलकाची हिरवी बाजू पुढे केली, मग लाल.

तोवर मागे हॉर्न वाजला. दोन खडीचे ट्रक, एक टेम्पो आणि सगळ्यात शेवटी धुळीने माखलेली जीप. तात्या चालत जीपपाशी गेले. साहेबबाईंनी काच खाली केली.

"काय तात्या, ठरलं का सुनेचं?"

"तिला विचारा."

"तिला काल विचारलं. म्हणाली, तात्यांना विचारा." साहेबबाईंनी चष्मा पुसला. "हे बघा, खाली पोचेपर्यंत मला उत्तर हवं. दुसरी एक मुलगी तयार बसलीय. आवाज बरा आहे तिचा. नुसता बरा, एवढंच."

"हिचा फुटत नाही," तात्या म्हणाले.

"म्हणून तर थांबलेय."

तात्यांनी काठी ड्रायव्हरच्या हाती दिली, पण आपलं टोक लगेच सोडलं नाही. ड्रायव्हरने एकदा काठीकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. साहेबबाई गुडघ्यावरचे कागद चाळू लागल्या.

मग तात्यांनी काठी सोडली. फलक हिरवा केला. ट्रक घरघरत पुढे झाले, टेम्पो गेला, जीप गेली. वळणावर शेवटची धूळ उभी होती, तेव्हा त्यांनी बटण दाबलं. एक श्वास थांबले.

"वर बोलतोय. दोन ट्रक खडीचे, एक टेम्पो, मागून जीप. काठी जीपकडे. सोडलं."

हे एकदाच म्हणायची पद्धत होती. तात्यांनी अंगठा उचलला नाही.

"सोडलं," ते पुन्हा म्हणाले.

आणि पूर्ण एक श्वास मोजून बोट काढलं.

खालून उत्तर यायला उशीर झाला. एरवी ती लगेच म्हणे, 'सोडलं, ऐकलं.' त्यांनी यंत्र कानाला चिकटवलं.

"सोडलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "ऐकलं, तात्या. दोन्हीही ऐकलं."

पुढची सात मिनिटं तात्या कुठेही बसले नाहीत. रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड मोजले, सतरा निघाले. परतताना मोजले तर सोळा. यंत्र एकदा पुटपुटलं, "आली. काठी आली." तिचाच आवाज. मग शांत. दोन मोटारसायकली रांगेला लागल्या. एकाने विचारलं, "काका, जाऊ का?" तात्यांनी फलकाची लाल बाजू दाखवली.

"...त्या, मी बोलतोय," यंत्रातून मोठा घोगरा आवाज आला. रोलरवाला.

तात्यांनी डोळे मिटले. पण बटण दाबलं ते नेहमीसारखंच.

"पहिला शब्द गेला तुझा. बटण दाब, एक श्वास थांब, मग बोल. आणि ओरडतोस कशाला? तो रोलर आहे का?"

खाली बराच वेळ श्वास घेण्याचं काम चाललं.

"तात्या, मी बोलतोय. ती बसली जीपमध्ये. बॅग माझ्याच रोलरवर ठेवली होती सकाळपासून, मला म्हणाली बोलायचं नाही. आणि सांगून गेलीय, रेडिओवर 'नाही' म्हणायचं नाही."

"दोनदा म्हणालास आत्ताच."

"तीनदा म्हणालो," रोलरवाला हिशेब करून म्हणाला. "आता बंद."

सकाळपासून. म्हणजे प्रश्न विचारला तेव्हा बॅग टोकापर्यंत आलेली होती, आणि तरीही तिने विचारलं होतं. तात्यांनी टोपी सारखी केली. खालच्या गाड्या येत होत्या. रोलरवाल्याने काठी कुणाला दिली ते नीट सांगितलं, तात्यांनी ते परत म्हणून दाखवलं. काम चालू राहिलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा तीनवर पुन्हा खरखर झाली. जीपमध्ये मोठा रेडिओ होता, त्याचा आवाज लांबून पोचे, पण डोंगर मध्ये आला की झिजे. तात्या रस्ता सोडून उंचवट्यावर चढले. गुडघा कुरकुरला. ते आणखी एक पाऊल वर गेले.

"...तात्या, ऐकू येतंय?"

"येतंय," ते म्हणाले. "पहिल्यांदा येतंय."

ती हसली असावी. खरखरीतून कळणं कठीण होतं.

"डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख सोमवारची घेतलीय. चिठ्ठी आरशामागे आहे. एकटे जाल म्हणून..." आवाज बुडाला, वर आला. "तुमच्याबरोबर यायला मी रविवारी येणार..."

मग नुसता वारा. तात्यांनी यंत्र या बाजूला वळवलं, त्या बाजूला वळवलं, हात उंच केला. जीप डोंगराआड गेली होती.

"तात्या," रोलरवाल्याने विचारलं, एक श्वास नीट थांबून, "येणार म्हणाली, की येणार नाही म्हणाली? मला वाटतं शेवट तुटला."

तात्यांनी हात खाली घेतला. चॅनलच्या बटणाशेजारचा लाल ठिपका उन्हात चमकत होता. एका बाजूने त्याचा टवका उडाला होता. त्यांनी बटण दाबलं, थांबले.

"पूर्ण आलं," ते म्हणाले.

अंगठा बटणावरच होता. एक श्वास झाला. तात्यांनी आणखी एक घेतला.