भोंग्याचा घसा आणि लुबनाचा सवाल

कानावर हात ठेवू नका. भोंगा असलो तरी आज मी हळूच बोलणार आहे. ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, आणि ज्या कामापायी बसला ते काम सांगण्यासारखं आहे.

अमरावतीच्या एका कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचा मी हातातला भोंगा. पांढरं तोंड, लाल मूठ, पोटात बॅटऱ्या. दिल्लीकडच्या कारखान्यात माझ्यासोबत जन्मलेले भाऊ कोणी पोलिसांत गेले, कोणी निवडणुकीत. मी राजकमल चौकाजवळच्या एका दुकानातून कॉलेजात आलो आणि कपाटात पडलो. वर्षातून दोन-तीनदा बाहेर निघायचो. "झाडे लावा", "रक्तदान करा" म्हणायचो आणि पुन्हा अंधारात, खराट्यांच्या शेजारी. लोक माझ्यातून बोलतात खरे, पण ऐकणारे बहुतेक जण मोबाइलमध्ये मान घालून असतात, हे मी फार लवकर शिकलो.

मग लुबना आली. बाळापूरची पोरगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. भाऊ अन्सार याचं गावात गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळं बोलणं अगदी पान्ह्यानं नट आवळल्यासारखं पक्कं. तिनं मला कपाटातून काढलं, ओढणीनं पुसलं आणि म्हणाली, "हा तं चांगला धडधाकट हाये. याले कोंडून कावून ठेवलं?"

त्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात आमचं शिबिर होतं. नाल्यावर मातीच्या पोत्यांचा बंधारा घालायचा होता. सुगत नावाचा अंजनगाव सुर्जीचा उंचपुरा पोरगा सगळ्यांत वर उभा राहून पोती झेलत होता. एक पोतं हातातून निसटलं, पाठोपाठ पाय सरकला आणि तो खाली दगडांवर आदळला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज काठावर ठेवलेल्या मलाही ऐकू आला.

लुबनानं मला उचललं आणि शेतांकडं तोंड करून ओरडली, "गाडी आणा हो! पोरगं पडलं! गाडी!" तूर सोंगणारी माणसं विळे टाकून धावली. सुगतला बाजेवर घेऊन जीपपर्यंत नेलं, तिथून अमरावतीच्या दवाखान्यात. मी लुबनाच्या खांद्यावर लटकतच राहिलो. मला परत ठेवायचं भान कोणाला होतं?

डॉक्टर म्हणाले, हाडात सळई घालावी लागेल, ऑपरेशन लवकर व्हायला हवं. तेवढ्यात सुगतचे वडील जानराव पोहोचले. लग्नाच्या बँडमध्ये ते पिपाणी वाजवतात. वरातीतून तसेच निघाले होते. अंगात सोनेरी झालरीचा लाल कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी. खर्चाचा अंदाज ऐकला आणि ते पोराच्या उशाशी जाऊन उभे राहिले.

"मी याले गावाकडं नेतो," ते म्हणाले. "तिकडं एक हाड बसवनारा हाये."

"पाय आखूड राहील," डॉक्टर म्हणाले.

जानराव कोटाच्या गुंड्या उगाच लावत, काढत राहिले.

लुबना आमच्या शिबिराच्या ओमप्रकाश सरांकडं वळली. अन्सारभाईच्या गॅरेजात चेपलेली गाडी आली की पहिला सवाल एकच असतो. तोच तिनं विचारला, "सर, सुगतचा विमा हाये का?"

सर दचकले. "विमा? अगं, असायला पाहिजे. दरवर्षी फीमध्ये जातो ना थोडासा. पण आजवर कोणी मागितलाच नाही!"

"मंग आता मागू."

सरांनी तिथूनच कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला. विमा होता. अपघाताचा, चालू आणि सगळ्या विद्यार्थ्यांचा. फीबरोबर दरसाल भरला जात होता आणि पोरांना त्याचा पत्ताच नव्हता.

पण जानराव अडून बसले. "पोरी, आमी कोनाची खैरात घेत नाई."

लुबना त्यांच्यासमोर फरशीवरच बसली. "काका, वरातीत वाजवल्यावर बिदागी घेता ना? ते खैरात असते का?"

"कावून असन? छाती फुटेपर्यंत वाजवतो आमी."

"तसंच हे बी सुगतच्या हक्काचं हाये. त्यानं भरलं, मी भरलं, साऱ्या कॉलेजानं भरलं. आज त्याले लागलं, उद्या मले लागन. तवा तुमी मले नाई म्हनान का?"

जानरावांनी टोपी काढली. मग डॉक्टरांना म्हणाले, "करा मंग आप्रेशन. पोराले चालता आलं पायजे."

विमा कंपनीच्या माणसानं फोनवर खुसपट काढलंच. अपघात कॉलेजच्या आवारात झाला नाही म्हणे. ओमप्रकाश सर एरवी गाईसारखे गरीब, पण त्या दिवशी कडाडले, "शिबिर कॉलेजचं, पोरगं कॉलेजचं. बंधारा काय मी माझ्या मामाच्या वाडीत बांधत होतो?" दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. सुगतच्या मांडीत सळई बसली, आणि आठवडाभरात तो वॉकर धरून उभा राहिला. जानराव दाराआड जाऊन रडले. लुबनानं मला खिडकीत ठेवलं होतं, मला दिसलं.

लुबना मात्र गप्प बसेना. "सुगत वाचला, कारन मी गॅरेजवाल्याची बहीन हाये," ती मैत्रीण प्रणालीला म्हणाली. "बाकीच्यांनी काय करावं?"

झालं! विम्याची बातमी सांगत मी कँटीनपुढं, होस्टेलच्या फाटकात, लायब्ररीच्या पायऱ्यांवर फिरू लागलो. पहिले काही दिवस आमची फजितीच झाली. कोणी म्हणालं, "एजंट झाली का वं तू?" कोणाला वाटायचं, विमा मेल्यावरच मिळतो. एका पोरानं तर गंभीरपणे विचारलं, "तो फर्स्ट क्लासवाल्यांनाच भेटते ना?"

मग लुबनानं भाषण सोडलं आणि सवाल धरला.

"ज्याच्या गाडीचा विमा हाये त्यानं हात वर करा!"

कँटीनभर हात वर झाले.

"आता ज्याचा सोताचा हाये त्यानं!"

हात खाली आले.

"अरे बाप्पाहो, हाये तुमचा! भरलाय तुमी! मोटारसायकलीची काळजी हाये अन् टाळक्याची नाई?"

त्या दिवशी माझ्या तोंडासमोर पहिल्यांदा मोबाइल खिशात गेले.

आमच्याच संस्थेचं एक कॉलेज अकोल्यात आहे. लुबना मला घेऊन तिकडं गेली. तिथं बार्शीटाकळीची खुशी नावाची बारीक अंगाची मुलगी उठली. "ताई, मले मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. पैसे सरले म्हनून दवाखान्यातून अर्ध्यातच घरी नेलं मले. वर्ष गेलं माझं. त्याले विमा चालते का?"

लुबनानं मला तोंडापासून खाली घेतलं. खोटं ती बोलू शकली असती, पण म्हणाली, "नाई. हा फक्त अपघाताचा हाये."

"मंग आजारी पडनाऱ्यानं काय करावं?"

"तू बरोबर इचारलं," लुबना म्हणाली. "चाल, मागू."

दोन्ही गावांची पोरं मिळून संस्थेच्या अध्यक्षांकडं गेली. सुगत काठी टेकत आला होता. अध्यक्ष म्हणाले, "आजारपण घातलं तर फी थोडी वाढेल. मग तुम्हीच बोंब ठोकाल."

"पोरांनाच इचारा, साहेब," लुबना म्हणाली. "भोंगा मी आनते."

दोन्हीकडच्या मैदानांवर विचारलं. अमरावतीत मी विचारलं तेव्हा हात वर गेले, आणि अकोल्यात तर खुशीच्या वर्गानं दोन-दोन हात वर केले. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "मोजायची गरज नाही."

नव्या वर्षापासून आजारपणही विम्यात आलं. अकोल्याच्या मैदानावर ही बातमी सांगायला लुबना उभी राहिली, आणि ऐन वेळी तिनं मला खुशीच्या हातात दिलं. श्वास भरून ती अशी ओरडली की निंबाच्या झाडावरचे पोपट उडाले.

"पोट्टेहो! आता कोनाले अर्ध्यातून घरी न्याचं नाई! दुखलं तं सांगा, भेवू नका! पन विमा हाये म्हनून मुद्दाम पडू नका!"

मैदान हसलं, टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. गर्दीत सुगतबरोबर आलेल्या जानरावांनी तोंडात दोन बोटं घालून जी शिट्टी मारली तिच्यापुढं माझा आवाज काहीच नव्हता.

आता माझ्या बॅटरीचं झाकण रबरानं बांधलंय. आवाज फाटतो, मधेच कुईं करतो. पण त्यानंतर मला कपाट दिसलेलं नाही. कँटीनच्या खिळ्यावर असतो मी. ज्याला हवं तो उचलतो.

आणि वाचणाऱ्या पोरापोरींनो, एकच मागणं आहे. आज कॉलेजात गेलात की ऑफिसच्या खिडकीशी जा आणि विचारा, "आमचा विमा हाये का? कशाकशाचा हाये?" आतून कोणी म्हणालं, "हळू बोला," तर मला बोलवा. आज घसा बसलाय म्हणून हळू बोललो, एरवी मला ते जमत नाही.