कॅम्पातल्या गोळ्या

गर्भाची पिशवी काढल्यानंतर यशोधराच्या अंगातून अशा वाफा निघायच्या, की भर थंडीत ती पदराने वारा घालत बसायची. पिशवीबरोबर बीजकोशही काढले होते. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिची धाकटी जाऊ माया उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये एका मेडिकलमध्ये कामाला होती. गोळ्या मी आणत जाईन, असं ती आपणहून म्हणाली. वाफा थांबल्या, झोप लागू लागली. २००४ सालची ही गोष्ट.

पुढे काही महिन्यांनी यशोधराचे डोळे चुरचुरू लागले. सकाळी वाळू गेल्यासारखे खुपायचे, दुपारपर्यंत अंधुक दिसायचं आणि जरा वारा लागला की घळाघळा पाणी यायचं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ती स्विचचे पार्ट तपासायची. भिंगाखाली बारीकसा तडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. आता सुटू लागला.

शेजारच्या टेबलावरची सोनिया सहज बोलून गेली, "गोळ्या कॅम्पातनं येतात ना? बघून घे बाई. तिकडे सगळ्याचीच नक्कल मिळते."

ते यशोधराच्या मनातून जाईना. घरी येऊन तिने जुनं पाकीट आणि नवं पाकीट शेजारी ठेवून पाहिलं. नव्याची छपाई तिला फिकी वाटली. माया पाकीट नेहमी पर्समधूनच का काढते, दुकानाच्या पिशवीतून का नाही? बदलापूरला शिरगावचा फ्लॅट आपण घेतला तेव्हापासून ती कमी बोलते, हेही तिला आठवलं. नवऱ्याला, प्रमोदला, तिने काहीच सांगितलं नाही. बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानातून त्याच गोळ्या गुपचूप आणल्या आणि त्या घेऊ लागली. डोळे तसेच राहिले. पण त्यावरून मायावरचा संशय सोडावा, असं काही तिला वाटलं नाही. आधीच्या गोळ्यांनी जे व्हायचं ते होऊन गेलं, असाच अर्थ तिने काढला.

अशातच कारखान्यात तिने पास केलेला माल परत आला. सुपरवायझर शशिकांतने तिला पॅकिंगला बसवलं. ओरडला नाही, फक्त तिचं भिंग उचलून दुसरीच्या टेबलावर ठेवलं.

त्या रविवारी माया नवं पाकीट घेऊन आली. सासूबाई, गयाबाई, समोरच बसल्या होत्या.

"ह्या गोळ्या नक्की कुठून आणतेस?" यशोधराने विचारलं.

"दुकानातनं. का?"

"खऱ्याच असतात ना?"

मायाने हातातला चहा खाली ठेवला. गयाबाई थोरल्या सुनेकडे बघत राहिल्या. माया उठली, सासूबाईंना जय भीम घातला आणि निघून गेली. पाकीट तिथेच पडून होतं.

मग प्रमोदने तिच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि यशोधराला अंबरनाथच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. थोड्या वेळाने काढली, तर जेमतेम टोक ओलं झालं होतं. डोळे कोरडे पडलेत, ते म्हणाले. मग पाणी कसं येतं, असं तिने विचारलं. कोरड्या डोळ्याला टोचतं म्हणून ते पाणी येतं, पण त्याने ओलावा टिकत नाही, असं त्यांनी समजावलं.

दुसरं काही औषध चालू आहे का, या प्रश्नाचीच ती वाट बघत होती. तिने दोन्ही दुकानांची पाकिटं टेबलावर ठेवली.

"यातली नकली कुठली, डॉक्टर?"

त्यांनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली. "मला तरी दोन्ही सारखीच दिसतात. पण बाई, खऱ्या गोळीनेही असं होतं. दुसऱ्या हार्मोनची जोड न देता हे एकटंच घेणाऱ्या काही बायकांचे डोळे कोरडे पडतात, असं आता अभ्यासात दिसू लागलंय."

पाळी गेल्यावर एरवीही असं होऊ शकतं, तेव्हा सगळा दोष गोळीला देऊ नका, असंही ते म्हणाले. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, ऑपरेशनच्या डॉक्टरांना विचारायचं. तोवर त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले.

बाहेर आल्यावर प्रमोदने दोन्ही पाकिटं तिच्या हातात ठेवली, ते तिला जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळीची मात्रा कमी केली. अधूनमधून वाफ यायची, पण डोळ्यांची चुरचुर हळूहळू उतरली. कारखान्यातलं टेबल मात्र परत मिळालं नाही.

एका दुपारी ती एकटीच कॅम्प चारला गेली. दुकानात गर्दी होती. माया तिला बघूनही पुढच्या गिऱ्हाइकाला औषध देत राहिली. गर्दी ओसरल्यावर यशोधरा म्हणाली, "माझं चुकलं, माया. सगळ्यांसमोर बोलले."

"एकट्यात बोलला असतात तर चाललं असतं?"



माया काउंटर पुसत राहिली. मग म्हणाली, "घरी येईन मी, ताई. आईंसाठी येईन. पण गोळ्या तुम्हीच आणत जा. उद्या तुमचं डोकं दुखलं, तरी तुम्ही माझ्याकडेच बघाल."

आपण असं करणार नाही, हे यशोधराला सांगायचं होतं. पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि माया तिकडे वळली.