कार्नाकच्या माळावरचे दगड

लातूरचे अडते गुंडप्पा फ्रान्सला जायला काही केल्या तयार होईनात आणि त्यांच्या बायकोची, गुरम्माची, बॅग तर भरून तयार! लेक स्वप्नाली तिकडं ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर नोकरीला होती. तिनं मोबाईलवर समुद्र दाखवला, समुद्रातला किल्लाही दाखवला.

"आपल्या उदगीरच्या किल्ल्याला काय झालंय?" गुंडप्पा म्हणाले.

मग पडद्यावर तिथल्याच कार्नाक गावचा माळ आला. हजारो दगड रांगेनं उभे.

"सहा हजार वर्षांपूर्वीचे, अप्पा. कशासाठी उभे केले, कुणालाच माहीत नाही."

गुंडप्पा ताडकन उठले आणि त्यांनी हात जोडले. "एवढी लिंगं! अन् एकालाबी विभूती न्हाई?"

"अप्पा, तिथं हात लावू देत नाहीत!"

"लांबून वाहू. अगं, विभूती किती घ्यावी?"

"ते मागून बघू," म्हणत गुरम्मा कपाटाकडं धावलीच, "आधी तुमचा स्वेटर काढते!"