ऑलिटाताईची उजवी बाजू

"उजवीकडून कुणाला येऊ देऊ नकोस," चर्चसमोर गाडीतून उतरताना ऑलिटाताई मला म्हणाली. "मिठी मारायला कुणी आलंच, तर तू मध्ये घुस."

"दर रविवारी तेच तर करते. लोकांना वाटतं, निवा भारी प्रेमळ आहे."

"वाटू दे की. तेवढंच तुझं नाव होतं."

ताईच्या उजव्या कंबरेला, कोटाखाली, मोठ्या बांध्याचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर असतं. बाजारात असतं, चर्चमध्ये असतं, भाच्याच्या लग्नात ती नाचली तेव्हाही होतं. ओक्लाहोमाच्या आमच्या या टोकाला हत्यार बाळगण्याचं कुणाला नवल नाही. पण बाकीच्या बायकांकडे पर्समध्ये मावणारी पिस्तुलं आहेत, आणि ताईचं हे धूड अर्ध्या विटेएवढं जड. इतक्या वर्षांत ते माझ्याशिवाय कुणाच्या नजरेला पडलेलं नाही. याचा तिला अभिमान आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मला जास्त आहे.

ताई घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायकांचे केस कापते. ज्यांना गावात यायला होत नाही, अशा बायका. एकेकीचं शेत कुठल्या कुठे, आणि मधल्या रस्त्यावर तास तास दुसरी गाडी दिसत नाही. अशाच एका रस्त्यावर, तरुणपणी, एका माणसाने गाडी आडवी घालून तिला थांबवलं आणि दार उघडून शेजारी येऊन बसला. मागून गुरांचा ट्रक आला, म्हणून ती वाचली. पोलीस आले ते सगळं संपल्यावर, तासाभराने. पुढे राज्यात हत्यार बाळगण्याचा परवाना मिळायला लागला, तशी ती पहिल्या फटक्यात जाऊन बंदुकीच्या दुकानात उभी राहिली. दुकानदाराने गुलाबी मुठीचं छोटं पिस्तूल पुढे केलं. दुकानामागच्या मैदानात तिने ते झाडून पाहिलं, तर मनगटापर्यंत मुंग्या आल्या. मग तिने मोठ्याकडे बोट दाखवलं.

"बाई, ते तुम्हाला पेलायचं नाही," दुकानदार म्हणाला.

"जड आहे म्हणूनच हवंय. झटका ते खाईल, माझा हात नाही."

घरी येऊन तिने सगळे कोट उसवले आणि नव्याने शिवले. वाऱ्याने कोटाची कड उडू नये म्हणून खालच्या शिवणीत मासेमारीच्या गळाचं शिसं घातलं. आमच्याकडचा वारा टोपीच काय, माणसाची अब्रूही उडवून नेईल. तरी मूठ दिसू नये म्हणून ती जरा डावीकडे कलून चालायची, आणि पुढे ती चाल तिच्या अंगवळणी पडली.

तिचा एकच नियम. कंबरेला हे असेल, तर भांडणात पहिली माघार आपली. एकदा दुकानाबाहेर गाडी लावण्यावरून एक दांडगा माणूस तिला वाटेल ते बोलला. ताई म्हणाली, "चुकलं माझं, दादा," आणि गाडी काढून दुसरीकडे लावली. माझा नुसता जळफळाट झाला.

"एवढं लोढणं बाळगतेस ते कशाला मग?"

"लोढणं आहे म्हणूनच गप्प बसायचं," ती म्हणाली. "नसतं, तर त्याचा बाप काढला असता."

हे सगळं जिला कळता कामा नये अशी एकच व्यक्ती गावात होती, ती म्हणजे आर्विला. आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवते, आणि ताईची शाळेपासूनची जिवाभावाची मैत्रीण; तिचे केसही ताईच घरी जाऊन कापते. तिचा मुलगा डेल्टन असाच एका पार्किंगमधल्या भांडणात गेला. समोरच्याने रागाच्या भरात पिस्तूल काढलं, आणि झालं. तेव्हापासून जेवताना कुणी शिकारीचा विषय काढला, तरी आर्विला ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाते. तिला कळलं तर आपली मैत्री संपली, असं ताईने मनाशी पक्कं धरलं होतं.

त्या रविवारी उपदेश संपला आणि पाळक हॉलिस म्हणाले, "ऑलिटाबहीण, जरा पुढे या."

आमच्याकडे कुणी आजारी असलं की त्याला पुढे बोलावतात, दुखऱ्या जागी हात ठेवतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. ताईने माझ्याकडे पाहिलं. मला काहीच माहीत नव्हतं.

"आर्विलाने आम्हाला सांगितलं," पाळक म्हणाले. "तुमची कंबर किती वर्षं दुखतेय आणि तुम्ही कुणाला ताकास तूर लागू दिली नाहीत."

"कलून चालते ती, मला दिसतं ना," पियानोपासून आर्विला म्हणाली. "विचारलं तर हसून टाळते."

पाच-सहा बायका उठून पुढे निघाल्यासुद्धा. मी ताईच्या कानात पुटपुटले, "डावी बाजू दुखते म्हण."

"इथे? देवासमोर?" एवढंच म्हणून ती पुढे गेली.

बायकांचे हात पुढे झाले तशी ती एक पाऊल मागे सरली.

"माझी कंबर ठणठणीत आहे," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "तिथे रिव्हॉल्व्हर आहे. मोठं आहे. पंचवीसेक वर्षं वागवतेय. एकट्या रस्त्याने जाते म्हणून. आजवर एकदाही बाहेर काढलेलं नाही."

ताई पियानोकडे वळली.

"आर्विला, तुझ्या घरी येते तेव्हा मी ते गाडीत कुलूप लावून ठेवते. तुझ्या उंबऱ्याच्या आत ते कधी आलं नाही. आज सांगतेय, कारण हे भले लोक माझ्यासाठी खोट्या दुखण्याची प्रार्थना करायला निघालेत."

पाळकांनी घसा साफ केला. "मग प्रार्थना कशासाठी करू या?"

"ते कधी बाहेर काढावं लागू नये, यासाठी करा."

पियानोचं स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. आर्विला उठली. आता ती दाराकडे जाणार, हे मी धरूनच चालले होते. माझी बहीण मान वर करून उभी होती. त्या घटकेला मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नव्हता, आणि तेवढंच रडूही येत होतं.

आर्विला दाराकडे गेली नाही. बायकांनी ताईच्या खांद्यांवर, पाठीवर हात ठेवले होते, उजवी बाजू तेवढी सगळ्यांनी सोडली होती. आर्विला तिथे येऊन उभी राहिली. तिने डोळे मिटले आणि कोटावरून, नेमका त्या मुठीवर तळहात ठेवला.

पाळकांनी प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायका जागेवर जाऊन बसल्या, तरी आर्विलाचा हात तिथेच होता.

"मंगळवारी येणार आहेस ना केस कापायला?" तिने हळूच विचारलं.

"तू म्हणशील तर."

"ये. आणि ते गाडीत नको ठेवू. आमच्या गल्लीत हल्ली गाड्या फोडतात."