आई समोर उभी राहिली

आमची लेक वसुंधरा तलवारबाजीत राज्यात पहिली यायची, कारण तेव्हाच्या अख्ख्या मध्य प्रदेशात दुसरी कुठलीच मुलगी त्या नादाला लागली नव्हती. दरवर्षी ती भिलाईत रिकाम्या जागेला सलाम करायची आणि कप घेऊन आम्ही सेक्टर दहाच्या क्वार्टरवर परतायचो. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

मग भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये खेळाडूंच्या कोट्यातली जागा निघाली. अट एकच, निदान एक सामना खेळून जिंकलेला हवा. नोकरी नाही मिळाली तर यवतमाळचं स्थळ ठरलेलं होतं, आणि त्यांना तलवार चालवणारी सून नको होती. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी मी तिच्या आईचं, रत्नमालाचं नाव स्पर्धेत घातलं. तिनं फक्त उभं राहून मार खायचा होता.

टोक अंगाला टेकलं की दिवा लागतो, गुण मिळतो. आधी पाच गुण करील तो जिंकला.

सामना सुरू होताच वसुंधरा पुढे झाली, आणि आईवर शस्त्र उगारायचं म्हणून आधी वाकून पाया पडली. रत्नमालानं सवयीनं उजवा हात तिच्या डोक्यावर नेला. हातात तलवार होतीच. टोक पाठीवर टेकलं, दिवा लागला.

"यशस्वी हो," रत्नमाला म्हणाली. गुण तिलाच मिळाला.

असं चारदा झालं. तलवार खाली ठेवली तर सामना बाद, आणि डाव्या हातानं कोणी आशीर्वाद देतं का? आणखी एक गुण गेला की यवतमाळ.

"काऊन पाया पडून राहिली? मार ना मले," रत्नमाला तोंडावरच्या जाळीआडून म्हणाली.

"मले नाही होत, आई."

मग रत्नमालाच वाकली आणि लेकीच्या पायांकडे हात नेला.

आईनं पाया पडायचं म्हणजे आमच्यात महापाप. वसुंधरानं घाबरून तिला अडवायला हात पुढे केला, तलवारीसकट. दिवा लागला. रत्नमाला पुन्हा वाकली, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पंच छत्तीसगढी होते. त्यांच्यात मोठी माणसं लेकीबाळींच्या पाया पडतात, त्यांना काहीच खटकलं नाही. त्यांनी वसुंधराचा हात वर केला तेव्हा ती हमसून रडत होती.

नोकरी लागली. पण त्या दिवशी घरी आल्यावर तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेचना. रत्नमालानं हात पुढे केला, मधेच थांबवला, रिकामा आहे ना ते नीट पाहिलं, आणि मग लेकीच्या डोक्यावर ठेवला.