मूर्तिजापूरपर्यंत मामा

गाडी घरापर्यंत जो चालवत आणतो, गाडी त्याची होते. असं कुणी ठरवलेलं नाही. होतं.

स्कूटी प्रियदर्शनीच्या पहिल्या पगाराची. त्या दिवशी तिची ड्यूटी, म्हणून शोरूममधून भावानं, ललितनं, आणली. तेव्हापासून ती ललितकडे चावी मागते. "येतोच दहा मिनिटात," ललित म्हणतो आणि

जातो. ती ऑटोनं. कौंडण्यपूरकडच्या उपकेंद्रात ती नर्स आहे. परतीची बस तिच्यासाठी थांबत नाही.

म्हणून आज कार. आणि कार राजापेठेत, घरापर्यंत, ती स्वतः नेणार. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नाही.

अकोला. जुन्या गाड्यांचं आवार. देवमनमामा पांढऱ्या कारखाली वाकलेले. टायर, गंज, तेलाचा डाग. मामा हो म्हणाले, तिनं सही केली. विकणारा गजेंद्र चाकाखाली लिंबू ठेवतो.

"थे उचल बाप्पा," मामा म्हणतात. "आमच्यात नाई चालत. सरबत करजो."

गजेंद्र हसतो, लिंबू खिशात घालतो. "घ्या काकाजी." चावी

मामांच्या हातात. पैसे तिचे, सही तिची. मामांना काही वाटलंही नाही. सीटवर बसले, आरसा स्वतःकडे वळवला.

हायवे. शेजारी बसून तिचे पाय चालतात. क्लासात शिकवलं तसे, डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. खाली नुसता पायपोस.

बोरगाव मंजू गेलं. आता म्हणू.

काटेपूर्णेचा पूल गेला. आता.

"मामा..."

"काय वं?"

"काई नाई."

मूर्तिजापूर. मामा चहाला उतरतात. चावी गाडीतच. ती उतरते, फिरून जाते, बसते. सीट पुढे ओढते. मामा ग्लास घेऊन खिडकीशी.

"काय करून राहिली?"

"इथून गाडी माह्याकडं."

"हायवे हाय पोरी. ट्रकवाले बाईले पायत नाई."

"गाडीले तर पायतीन."

मामा उभेच. चहा संपलेला, ग्लास तरी ओठांना. मग ग्लास टपरीवर ठेवून ते पलीकडे येतात. पट्टा लावतात. पुन्हा ओढून बघतात.

स्टार्ट. बंद.

स्टार्ट, झटका, बंद.

मागे ट्रक. हॉर्न.

"क्लच हळू सोड."

"हळूच सोडून राहिली."

"याले हळू म्हणत असतीन तर..."

सुरू. आणि मग थांबायचंच नाही, थांबली तर मामा म्हणतील उतर, म्हणून ट्रक, ट्रॅक्टर, मध्येच म्हैस, बडनेरा, आणि आता मामांचा पाय पायपोसावर ब्रेक दाबतोय, दाबतोय, राजापेठ, शिकवणी सुटलेली, चारी बाजूंनी दुचाक्या, गल्ली, वळण

बंद.

अर्धी गल्लीत, अर्धी रस्त्यावर. मागे सगळे हॉर्न. दारात तिची आई जाईबाई पदर सावरत. ललित धावत खिडकीशी. त्याचा हात आत.

"उतर. दे इकडं, मी लावतो. दहा मिनिटं."

तिची मूठ चावीवर. मान वळत नाही.

"मांगं बस," ती म्हणते.

ललित मामांकडे बघतो.

"माह्याकडं काय पायतं?" मामा म्हणतात. "मूर्तिजापूरपासून मी बी बसूनच आलो."

मागचं दार उघडतं. लागतं.

स्टार्ट.