राहीबाईचा बोनसाहेब

मित्रांनो, मी एक जुना वड आहे असं म्हटलं की तुम्ही मान वर करून बघाल. वर नका बघू, खाली बघा. सांगलीच्या विश्रामबागेत एका दोन खोल्यांच्या घरापुढं तिपाईवर जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, गळकी थाळी ठेवलेली आहे. त्या थाळीत मी उभा आहे. उंची वीतभर. माझ्या सावलीत फार तर एखादं मांजराचं पिल्लू बसेल, तेही शेपूट उन्हात ठेवून. माझं डोकं वाळलेलं आहे आणि गळ्याभोवती एक खोल वळ आहे. त्या वळाचीच ही गोष्ट आहे. सांगताना मला माझीच लाज वाटणार आहे, पण सांगतो.

माझा जन्म हळदीच्या वखारीच्या भिंतीत झाला. कुण्या कावळ्यानं वडाचं फळ खाल्लं आणि उरलेलं काम त्या भिंतीवर बसून उरकलं, एवढीच माझी कुळकथा. विटांच्या फटीत मी दोन वर्षं जगलो. खाली पोती हलायची, पिवळा धुरळा उडायचा आणि माझ्या पानांवर बसायचा. एकोणीसशे सत्तर सालच्या उन्हाळ्यात मालकानं राखणदाराला हुकूम केला, भिंतीत उगवलेलं सगळं खरवडून काढ. माझे दिवस भरले असं मला वाटलं.

राखणदार होता नाथाजी. साताऱ्याकडचा गडी, पलटणीत हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. मिशा अजून पलटणीतल्याच होत्या. त्यानं भिंतीवरचं गवत भराभरा खरवडलं, पण माझ्यापाशी येऊन थांबला. चाकूच्या टोकानं एकेक वीट सैल केली, मला मुळासकट काढलं आणि ओल्या रुमालात गुंडाळून घरी नेलं. पलटणीत असताना तो एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. त्या साहेबाला थाळीत झाडं वाढवायचा नाद होता. नाथाजीनं चार वर्षं त्या झाडांना पाणी घातलं होतं आणि पाणी घालता घालता सगळं बघून ठेवलं होतं.

घरी त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, रुमालात डोकावून विचारलं, "ह्ये काय आणलंसा?"

"वड हाय. थाळीत वाढवायचा. बोनसाय म्हणत्यात ह्याला."

"बोनसायेब?" राहीबाई म्हणाली. तिच्या कानाला तेवढंच ओळखीचं वाटलं. नवऱ्याच्या बोलण्यात आला तर साहेबच येणार, दुसरं कोण? त्या दिवसापासून मी त्या घरात साहेब झालो. वखारीच्या भिंतीतलं रोप एका शब्दात हुद्द्यावर चढलं!

नाथाजीकडं पैसा नव्हता, पण हात होते. राहीबाईची जर्मलची थाळी भोक पडून निकामी झाली होती. त्यानं त्या थाळीला खिळ्यानं आणखी चार भोकं पाडली. जी थाळी गळते म्हणून टाकली, ती गळते म्हणूनच माझ्या कामाची ठरली. कृष्णेच्या काठची वाळू, फुटक्या विटांचा चुरा आणि मुरलेलं शेणखत, ही माझी माती. शिंप्यानं टाकून दिलेली कात्री परजून घेतली. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानातून जळकी तांब्याची तार मागून आणली आणि तंबाखूच्या डबीत नीट वेटोळी करून ठेवली. त्या तारेनं तो माझ्या फांद्यांना वळण द्यायचा. तार गुंडाळताना आणि गुंडाळून झाल्यावर तो करंगळीचं नख तारेखाली घालून बघायचा. नख गेलं तर ठीक, नाही गेलं तर तार सैल करायची. तीन महिन्यांनी तार काढायचीच, फांदी वळलेली असो वा नसो. "झाड जाड हुतंय, तार हुत न्हाई," असं तो म्हणायचा.

राहीबाईला हे सगळं आधी मुळीच पटलं नाही. तिचं माहेर म्हसवडजवळच्या एका वाडीत, कोरड्या मुलखात. तिथं झाड जगणं हीच मोठी गोष्ट. "वाढणाऱ्या जिवाला बांधून घालतासा व्हय?" ती नवऱ्याला म्हणायची. "पाप हाय ते." येता-जाता ती माझ्याकडं असं बघायची, जणू मी कुणाचं तरी उपाशी ठेवलेलं लेकरू आहे.

मग बहात्तर साल आलं. तिच्या माहेरच्या विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली. ती भावाला भेटून आली आणि दाराशीच माझ्यापुढं बसली. "गावच्या वडाला पान न्हाई," ती म्हणाली, "आन् ह्यो बघा, पसाभर सायेब, कसा हिरवागार!" तिनं तांदूळ धुतलेलं पाणी आणलं आणि चूळभर माझ्या मुळाशी सोडलं. त्यानंतर तांदळाचं धुवण एक दिवस चुकलं नाही. "आवं सायेब, पाणी प्या," असं म्हणून ती पदरानं माझी पानं पुसायची. त्या घरात मूल नव्हतं. मला काय समजायचं ते तुम्ही समजा.

चौऱ्याहत्तर साली नाथाजी आजारी पडला. ताप उतरेना. इस्पितळात नेला तेव्हा त्याला धरून रिक्षात बसवावं लागलं. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती आणि बायका ज्या वडाला जायच्या, रस्ता रुंद करताना तो तोडला होता. शेजारच्या शालूबाई राहीबाईला म्हणाल्या, "कशाला लांब जायचं? तुमच्या दारात हाय की वड!"

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. सात बायका नऊवारी नेसून माझ्या तिपाईभोवती फिरल्या. हळदीकुंकू, आंबे, गहू, काय काय समोर ठेवलं! वीतभर वडाला फेऱ्या घालताना त्यांना आधी हसू येत होतं. राहीबाई मात्र हसत नव्हती. इतर बायकांनी साधं सूत गुंडाळलं. सूत दोन पावसांत कुजतं हे राहीबाईला माहीत होतं. म्हणून तिनं वाकळ-गोधडी शिवायचा पिळाचा दोरा घेतला, हळदीत बुडवला, सात वेढे दिले आणि सुटू नये म्हणून घट्ट गाठ मारली. तिचे ओठ हलत होते. काय मागत होती ते सांगायला नको.

पाचव्या दिवशी नाथाजीचा ताप उतरला. आठव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी आला.

आल्याबरोबर त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पहिलं काम म्हणून सगळं सूत भिजवून काढलं. वाकळेच्या दोऱ्याला हात घालताच राहीबाई धावत आली.

"त्याला हात लावू नगा!"

"अगं, रुतंल त्यो. नख बी जात न्हाई खाली."

"रुतू द्या. त्यो दोरा हाय म्हणून तुमी हायसा."

"मला डाक्टरच्या सुईनं बरं केलं, दोऱ्यानं न्हाई."

"मग काढा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

नाथाजीनं चाकू उघडला. किती तरी वेळ तो माझ्यापुढं उकिडवा बसला होता. सरहद्दीवर गोळीला न भ्यालेला माणूस, पण त्याला तो दोरा कापवेना. चाकू मिटून त्यानं खिशात टाकला.

आता माझी चूक सांगतो. मला ते आवडलं. मला तो पिवळा दोरा छातीवर लावलेल्या पदकासारखा वाटला. एका माणसाचा जीव वाचवणारा वड! रस्त्यानं जाणाऱ्या बायका लांबून हात जोडायच्या. मी फुगलो, अगदी खराखुरा फुगलो. नवी पानं काढली, खोड जाड केलं. मी जितका जाड होत होतो तितका दोरा आत जात होता, पण कौतुकात गळा आवळला जातोय हे मला कळलं नाही. पंचाहत्तर साली राहीबाईनं त्याच जागी आणखी एक दोरा बांधला. तोही वाकळेचाच.

त्याच वर्षी कॉलेजातले एक प्राध्यापक रस्त्यानं जाताना थबकले. येत्या थंडीत झाडा-फुलांचं प्रदर्शन भरणार होतं. "हवालदार, हे झाड घेऊन याच," ते म्हणाले. नाथाजी सहा महिने त्या एकाच विचारात होता. थाळी चिंचेनं घासून लख्ख केली, एकेक पान निवडून खुडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातचं काही तरी चार लोक बघणार होते.

दिवाळीनंतर माझी पानं पिवळी पडायला लागली. दोऱ्याच्या वर गळ्याला गाठ आल्यासारखी सूज आली होती आणि खाली मुळं उपाशी होती. पानांनी केलेलं अन्न दोऱ्याच्या खाली उतरतच नव्हतं. प्रदर्शनाच्या आठवड्यात माझ्यावर अकरा पानं उरली. नाथाजी एकटाच प्रदर्शन बघायला गेला, रिकाम्या हातांनी. परत येऊन म्हणाला, "बरी हुती झाडं." एवढंच म्हणाला. राहीबाईला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला फार लागलं.

तिचं तिलाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तांदळाचं धुवण घेऊन आली, पण भांडं खाली ठेवून नाथाजीकडं वळली. "आवं, काढा त्यो दोरा," ती म्हणाली. "सायेब मराया लागलाय. तुमच्या नावाचा दोरा मेलेल्या झाडावर नगं मला."

पण दोरा दिसतच नव्हता. त्याच्यावर माझी साल चढली होती. नाथाजीनं वाकळेची सुई घेतली आणि तीन दुपारी माझ्या गळ्यातून तंतू तंतू उकरून काढला. दुखलं. राहीबाई उंबऱ्यात बसून बघत होती, उठून आत गेली नाही. एक तंतू फार खोल होता, तो निघालाच नाही. अजून तो माझ्यात आहे. मार्चपर्यंत माझा वरचा सगळा डोलारा वाळला. ज्या फांद्यांना नाथाजीनं सहा वर्षं वळण दिलं होतं, त्या त्यानं स्वतः शिंप्याच्या कात्रीनं उतरवल्या. वाळका खुंट तेवढा ठेवला. पावसाळ्यात वळाच्या खालून एक कोंब फुटला. त्याच कोंबाच्या जिवावर मी आज बोलतोय.

त्यानंतर राहीबाईनं माझी पूजा केली नाही. वटपौर्णिमेला ती शालूबाईंबरोबर लांबच्या वडाला जायची. धुवण मात्र घालायची, आणि घालताना वळावरून बोट फिरवायची. "सायेब, चुकलं गं बाई माझं," असं एकदा म्हणाली. त्या गडबडीत साहेबाची बाई झाली, पण मला हसू आलं नाही. बाई, चूक एकट्या तुझी नव्हती, असं मला म्हणायचं होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखात राहीबाईनं अंथरूण धरलं. डॉक्टरनं नाथाजीला बाहेर नेऊन हळू आवाजात काही सांगितलं. वटपौर्णिमेच्या दिवशी ती उठू शकली नाही. सकाळी नाथाजी आंघोळ करून माझ्यापुढं आला. हातात हळदीचा दोरा होता, वाकळेचाच. शालूबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. "आवं हवालदार, बाप्या माणसानं कुठं दोरा बांधायचा असतोय?" त्या म्हणाल्या. नाथाजीनं पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. तो माझ्याभोवती सात वेळा फिरला, पलटणीतल्यासारखा ताठ. दोरा इतका सैल बांधला की खाली दोन बोटं जात होती. गाठ मारताना त्याचे ओठ हलले. चार वर्षांपूर्वी राहीबाईचे हलले होते तसेच.

राहीबाई अंथरुणावरूनच खिडकीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "दोरा काढलासा का?"

"ऱ्हाऊ दे की. सैल हाय."

"आज सैल हाय. काढा. सायबाला रुतंल."

"राहे, ऱ्हाऊ दे गं चार दीस."

"माझ्यापायी पुन्यांदा नगं," ती म्हणाली. "तुमीच म्हनायचा न्हवं, झाड जाड हुतंय म्हणून? काढा. मला बघू द्या काढल्याला."

तेव्हा हिला दोरा काढू द्यायचा नव्हता. आता त्याला काढायचा नव्हता. त्यानं गाठ सोडली, दोरा हळूच उतरवला आणि खिडकीशी नेऊन तिला दाखवला. ती समाधानानं मान हलवून झोपली. नवव्या दिवशी ती गेली.

दोऱ्यानं माणूस जगत नाही, हे मला माझ्या गळ्यावरून कळायला हवं. तरीही मित्रांनो, त्या सकाळी मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, नाथाजी, नको काढूस, रुतू दे. या वेळी मला कौतुक नको होतं. मला फक्त तांदळाचं धुवण घालणारा तो हात हवा होता.

तुमच्याही घरी एखादं झाड असेल, नसलं तर एखादं माणूस असेलच. त्याला वळण द्या, आधार द्या, मायेनं बांधाही. पण बांधून विसरू नका. मधूनमधून नख घालून बघा, खाली जागा आहे का. माया तेवढीच राहिली तरी ज्याला बांधलं तो वाढत असतो.

नाथाजी आता थकला आहे. तांदूळ तो मूठभरच शिजवतो, पण धुवण न चुकता आणतो. तंबाखूच्या डबीत तारांच्या वेटोळ्यांशेजारी तो सैल दोरा ठेवलेला आहे. रोज सकाळी तो तिपाईपाशी येतो, भांडं वाकडं करतो आणि तिच्याच शब्दांत, तिच्याच हेलात म्हणतो, "आवं सायेब, पाणी प्या."

मी पितो.